साहेब आले, पयल्यापासून लावा!

टॉकीज बंद पडून जमाना झाला, पण आम्ही जुने नोकर भेटलो की चहा निवतो आणि किस्से काही संपत नाहीत. त्यातला एकही पडद्यावरचा नसतो, हे विशेष!

जिल्ह्याला अजून चांदा म्हणत तेव्हाची ही गोष्ट. वरोऱ्याच्या पलीकडे आमची पत्र्याची टॉकीज. मालक बापूराव, मी डोअरकीपर. लायसन मात्र एका साहेबांच्या मुठीत. म्हणून नियम एकच: साहेब आले की सिनेमा पहिल्यापासून! आणि साहेब हमखास उशिरा येत.

*

एकदा नायकाची आई मेली, अर्धी टॉकीज रडून मोकळी झाली, तेवढ्यात साहेब टपकले. रीळ उलटं गुंडाळलं, सिनेमा पुन्हा सुरू. पुढे जमिनीवर बसलेली मासे विकणारी भिवराबाई ओरडली, "बापूभाऊ, त्या मायले एकदाच मरू द्या न! किती रडू मी?"

*

साहेबांना खुर्चीत डुलकी लागायची. जागे झाले की विचारायचे, "काय झालं रे?" बापूराव सांगत बसत नसत, रीळच परत लावत! एका सिनेमातलं लग्न आमच्या गावानं तीनदा पाहिलं. पोरगी सासरी गेलेली मात्र कोणी पाहिली नाही.

*

एकदा साहेब लायसनच्या तपासणीला आले. आगीसाठी टांगलेल्या वाळूच्या बादल्यांत शेंगांची टरफलं! साहेब कडाडले, "आग लागली तर?"

बापूरावांनी हात जोडले. "साहेब, तुमी आल्याबिगर इथी काईच सुरू होत नाई!"

साहेब चक्क खूश झाले. अशा माणसाच्या हाती आमची पोटं होती, याचा अजून संताप येतो.

*

मग कोणीतरी चांद्याला जाऊन जिल्ह्याच्या साहेबांचे कान भरले. मोठे साहेब स्वतः बघायला येणार! आमच्या साहेबांनी बापूरावांना दम दिला, "सिनेमा एकदाच आणि सरळ चालला पाहिजे. नाहीतर टॉकीजला कुलूप!"

त्या दिवशी साहेब मोठ्या साहेबांना घेऊन वेळेवर हजर. जन्मात पहिल्यांदा! पण टॉकीजात चिटपाखरू नाही. बापूरावांनी देवाचं नाव घेऊन सिनेमा लावला. रिकाम्या टॉकीजात तो अगदी सरळ चालला होता.

बऱ्याच वेळानं, जेवणंखाणं उरकून, सगळा गाव आला. पुढे भिवराबाई. तिला खुर्चीत आमचे साहेब दिसले.

"आले का साहेब? मंग लावा पयल्यापासून!"

वर मशीनवाल्यानं सवयीनं रीळ थांबवलं. दिवे लागले. बापूराव भिंतीला टेकले.

मोठे साहेब म्हणाले, "बाई, इतक्या उशिरा का आलात तुम्ही?"

भिवराबाई पदर सावरून खाली बसली. "उशीर कायचा? साहेबाच्याच टायमानं येऊन राह्यलो न आमी सारे!"