अण्णांच्या भिंतीवरची रेघ

सातारा स्टँडवर सांगलीच्या गाडीत चढले तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, कंदी पेढ्यांचा पुडा आणि पन्नास फूट लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी होती. कंडक्टरनं अर्धं तिकीट हातात दिलं, नळीकडं बघितलं आणि विचारलं, "काय बाई, ड्रिपचं काम घेतलंय का?"

"नाही. एक रेघ हलवायची आहे," मी म्हणाले.

त्यानं पुढं काही विचारलं नाही. खरं उत्तर दिलं की माणसं गप्प बसतात, हे मी नोकरीत शिकले.

नोकरी ओव्हरसियरची. रस्ते, मोऱ्या, छोटे बंधारे. उतार कुठं किती आहे हे सांगण्याचाच मला पगार मिळायचा. आता निवृत्त झाले तरी खोड जात नाही, लग्नाच्या मांडवातसुद्धा पाणी कुठं साठेल ते आधी बघते. म्हणूनच वन्संनी मला बोलावलं होतं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. सांगलीत नदीकडं उतरणाऱ्या एका जुन्या गल्लीत त्या चाळीस वर्षं ब्लाउज शिवताहेत. ती गल्ली आता पाडताहेत. एका टोकाला नवी इमारत उभी राहिली आहे आणि भाडेकरूच्या हक्काच्या बदल्यात वन्संना तिच्यात पहिल्या मजल्यावर गाळा मिळाला आहे. पुराच्या वर, असं बिल्डरनं सांगितलं होतं.

कराडला गाडी दहा मिनिटं थांबली. मी कांदाभजी घेतली आणि तळलेली मिरची एकदम तोंडात घातली, ते चुकलं. डोळ्यांतून पाणी काढत बसले असताना शेजारच्या आजोबांनी न विचारता स्वतःची बाटली पुढं केली. "आवं, मिरची हाय ती, भेंडी न्हाई," ते म्हणाले.

कराड सोडताना कोयना मिळालेली कृष्णा दिसते. उन्हाळ्यात ती अगदी गरीब दिसते. आमच्या डोंगरात पडलेलं पाणी इथून खाली सांगलीला जातं, म्हणून सांगलीच्या माणसांची एक सवय आहे. जुलै लागला की ते साताऱ्याच्या पाहुण्यांना फोन करतात. तब्येत, मुलंबाळं सगळं नंतर, आधी प्रश्न एकच: "पाऊस किती हाय?" वन्संचा फोन तेव्हा रोज संध्याकाळी सातला येतो. खरा पाऊस वर घाटात पडतो, साताऱ्यावरून सगळं कळत नाही, हे मी त्यांना कितीदा समजावलं. पण सरकारी आकड्यापेक्षा त्यांचा भावजयीवर विश्वास. मोठा पूर आला त्याच्या आधी तीन दिवस मी फोनवर सांगितलं होतं, "थोडासाच आहे, काळजी करू नका." वन्संनी काळजी केली नाही. त्यांची दोन्ही मशिनं आणि गिऱ्हाइकांची कापडं पाण्यात गेली. त्यावरून त्या मला कधी एका शब्दानंही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पेठ नाक्यापासून आष्ट्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. सांगलीत उतरून रिक्षा केली आणि गल्लीच्या तोंडाशी आले तर मला गल्लीच ओळखू येईना. फरशी जाऊन काँक्रीट आलं होतं. निम्म्या दुकानांची कुलपं गंजली होती. शे-सव्वाशे पावलांवर, जिथं पूर्वी हळदीचं बंद गोदाम होतं, तिथं खांबांवर उभी पाच मजली फिकट जांभळी इमारत. अशा रंगाचं घर बांधावं असं माणसाला का वाटतं, हे मला कळत नाही.

वन्संचं जुनं दुकान गल्लीच्या वरच्या टोकाला आहे. "आलीस? नळी आणलीस?" त्यांनी विचारलं. मी वाकून नमस्कार करेपर्यंत चहा आणि भडंग (तिखट मसाल्याचे कुरमुरे, सांगलीकर त्यावर जगतात) समोर आलं. खाताखाता त्यांनी काम सांगितलं.

शेजारी अण्णांचं दोरांचं दुकान. कासरे (बैलाचे दोर), दावी, सुतळी. त्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर आजवरच्या पुरांच्या रेघा आहेत. सगळ्यात वरची लाल, मोठ्या पुराची, जमिनीपासून पाच फुटांवर. दरवर्षी मृगाच्या आधी अण्णा या रेघांवर नवा रंग ओढतात आणि गल्लीतली माणसं बघायला उभी राहतात, हा इथला रिवाज. यंदा त्यांनी रंग काढलाच नाही, कारण भिंत पुढच्या महिन्यात पडणार. वन्संचं म्हणणं, लाल रेघ तेवढी नव्या इमारतीच्या खांबावर नेऊन ठेवायची.

अण्णा दुकानात सुतळीचा गुंडा वळत बसले होते. "कशाला त्या रेघंच्या नादी लागताय?" ते म्हणाले. "जाऊ द्या की भिंतीबरोबर. आमची मंडळी त्या पुरात शाळंत ठेवल्याली. तिथंच ताप आला, परत घरी आलीच न्हाई. रोज दुकान उघडलं की ती रेघ म्होरं. मीच वढली, मला कुणाला नाव ठेवता येत न्हाई. पर आता बास."

"तुमाला नको आसंल," वन्सं म्हणाल्या, "फुडं येणाऱ्या माणसाला नको का?"

"फुडं येणाऱ्याला इमारत हाय की खांबावरची."

दोघंही खरं बोलत होते. मी नळीचं वेटोळं सोडायला घेतलं.

आता नळीचं सांगते. गवंडी लोक वापरतात तीच युक्ती. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची, दोन्हीकडं पाणी एकाच पातळीला थांबतं. मधे चढ असो की उतार, पाणी फसत नाही. पाणी नीट दिसावं म्हणून वन्संनी चिमूटभर हळद टाकली. नळी पन्नासच फूट, म्हणून टप्प्याटप्प्यानं जायचं, प्रत्येक दारावर खडूची खूण करत. एक टोक मी घेतलं आणि दुसरं, "बायकांना काय धरता येतंय," असं पुटपुटत अण्णांनी.

पहिली खूण अण्णांच्या भिंतीवर, पाच फुटांवर. माझ्या कपाळापाशी.

दुसरी खूण सुनीलच्या सलूनच्या दारावर. ती माझ्या डोक्यावर गेली. सुनील चाळिशीचा, गिऱ्हाइकाच्या गालाला फेस तसाच ठेवून बाहेर आला. "मॅडम, आता पाण्याची पातळी मोबाईलवर येती. फुटात येती. भिंत कशाला पायजे?"

"मोबाईल चार्ज नसला तर?" वन्संनी विचारलं.

"तर मी विश्रामबागला असणार, तिथं पाणी येत न्हाई," तो हसून म्हणाला. मग हसू जरा कमी करून, "मी पोटभाडेकरू. मला गाळा न्हाई. गल्ली बुडली काय आन् तरली काय, ज्यांला गाळं मिळाल्यात त्यांनी बघावं." आतल्या गिऱ्हाइकाचा फेस वाळत चालला होता, त्यानं हाक मारली.

तिसऱ्या दाराला मला स्टूल लागलं. चौथ्याला स्टुलावर उभी राहून हात वर करावा लागला. काँक्रीटचा रस्ता इतका गुळगुळीत केला आहे, की गल्ली उतरते आहे हे पायाला कळतच नाही. माझ्या पायालासुद्धा कळलं नव्हतं, आणि मी त्याच कामाचा पगार खाल्ला आहे. मला खरं तर दुसऱ्या खुणेलाच शंका आली होती. मी वन्संकडं बघितलं नाही.

इमारतीखाली सुपरवायझर भेटले. टक्कल पडलेले, नम्र गृहस्थ. "रेघ मारा मॅडम, पण मागच्या खांबावर. फुडं मारली की गिऱ्हाईक विचारत बसतंय. तसं काळजीचं कारण न्हाई. अण्णांच्या भिंतीवर पाणी पाच फूट. आपण स्लॅब आठ फुटावर टाकलाय. तीन फूट वरच हाय."

"पाच फूट तिथल्या जमिनीपासून," मी म्हणाले.

"व्हय."

"आणि आठ फूट इथल्या जमिनीपासून."

मी अण्णांकडं वळले. "पूर आला तेव्हा इथं काय दिसलं होतं?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "गोदाम बंद हुतं. गल्ली सोडून समदी पळाल्याली. हितं कोण बघणार?"

शिडी आणली. खांब संपला तरी नळीतलं पिवळं पाणी थांबेना, माझ्या टोकातून सांडायला लागलं. शेवटी नळी जिन्यातून वर घेतली आणि मी वन्संच्या गाळ्यात गेले. भिंतींना नवा रंग. मधोमध नवं मोटरचं मशिन, अजून प्लॅस्टिकमध्ये, वर हळदकुंकू. मी नळी भिंतीला लावली. पाणी वर गेलं, खाली आलं, थांबलं. जमिनीपासून दीड फुटावर. माझ्या गुडघ्याच्या थोडं वर.

"नळीत हवा आसंल," सुपरवायझर दारातून म्हणाले.

हवा असेल तर बरं, असं मलाही वाटत होतं. बुडबुडे झटकून आम्ही वरच्या टोकापासून सगळं पुन्हा केलं. पाणी पुन्हा तिथंच थांबलं.

"वन्सं," मी म्हणाले, "मोठ्या पुराइतकं पाणी परत आलं, तर ते या गाळ्यात इथपर्यंत येणार."

चाळीस वर्षांचा हक्क देऊन घेतलेला गाळा. जुनं दुकान महिन्यात पडणार, मागं फिरायला जागा नाही. वन्सं मशिनच्या स्टुलावर बसल्या. मग त्यांनी प्लॅस्टिक वर केलं. "मोटर खाली हाय," त्या म्हणाल्या. "मोटर बुडती. टेबल न्हाई बुडत."

"वन्सं..."

"फळ्या कंबरेच्या वर मारून घीन. कापडं वर, मोटर सोडवून वर. पाणी हितं चार दिवस आधी सांगून येतं, साताऱ्यासनं." मग सुपरवायझरांकडं वळून, "रेघ हितंच मारायची. भिंतभर. आन् वरच्या-खालच्या समद्यांना बोलवा बघायला."

"मावशी, नव्या रंगावर? आवं, साहेब काय म्हणतील?"

"गाळा माझ्या नावावर झालाय. साहेबांना सांगा, गिऱ्हाईक हाय ती, विचारणार."

अण्णा जिना उतरून गेले. मला वाटलं, रागावले. पाच मिनिटांनी परत आले, हातात सुतळी आणि वाटीत कालवलेला लाल रंग. सुतळी रंगात बुडवून त्यांनी एक टोक खुणेवर धरलं. दुसऱ्या टोकाला माणूस हवा होता. बघते तर मागं सुनील उभा होता, कधी आला कळलं नाही. "धर रं," अण्णा म्हणाले. त्यानं वस्तरा खिशात घातला आणि सुतळी ताणून धरली. वन्संनी मधोमध चिमटीत धरून सोडली. भिंतीवर सरळ लाल रेघ उठली. अण्णांनी ती नीट बघितली आणि बाहीनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटायच्या आधी स्टँडवर मला राहवेना. "वन्सं, त्या वर्षी मी थोडासाच पाऊस आहे म्हणाले, तेव्हा मी खिडकीतून बघितलंसुद्धा नव्हतं."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "टीव्हीचा आवाज येत हुता." आणि भडंगाची पिशवी माझ्या हातात कोंबली. "बस आता, जागा जाईल."

मला जागा मिळाली, खिडकीची. आष्ट्यापर्यंत मी ऊस बघत होते असं म्हणेन, पण खरं तर मला काहीच दिसत नव्हतं. बिल्डर, सुपरवायझर, त्यांची चूक मी नळीनं पकडली. माझी चूक वन्संनी त्याच दिवशी पकडली होती आणि इतकी वर्षं जपून ठेवली होती, मला न दाखवता.

साताऱ्यात आल्यावर मी अंगणात एक सरळ काठाची बादली ठेवली आणि आतून पट्टी चिकटवली. जुलै लागला. पाऊस दोन दिवस धरून होता. संध्याकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना मी टीव्ही बंद केला, छत्री घेऊन अंगणात उतरले आणि या वेळी फोन मी लावला.

पलीकडं मशिनचा आवाज थांबला. "किती?" वन्संनी विचारलं.

मी वाकून पट्टी वाचली आणि आकडा सांगितला.