आखाजीला न आलेली लेक

आमच्या चोपड्याकडे लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली नाही तर बापाला गावात मान वर करून चालता येत नाही. भाऊ मुऱ्हाळी होऊन सासरी जातो, बहिणीला घेऊन येतो. मग ती झोक्यावर बसते, गाणी म्हणते, तिला कोणी काम सांगत नाही. गेल्या आखाजीला माझा मुलगा दोंडाईच्याला मुऱ्हाळी गेला आणि संध्याकाळच्या एस्टीनं एकटाच उतरला.

याचं मूळ त्याच्या आधीच्या आखाजीत आहे. लेक आली होती, कडेवर नऊ महिने उलटलेला नातू. गावात तेव्हा गोवराच्या लशीची सरकारी मोहीम चालली होती. एकही लेकरू सुटू नये म्हणून आशाताई दारोदार फिरायची, माहेरवाशिणींची लेकरंही विचारायची.

"आबा, पाव्हनं लेकरू शे का घरमा?"

"शे ना. वाघ शे."

"मंग वाघले अंगणवाडीमा लई या. घरमा दपाडी ठेवू नका."

लेक म्हणाली, "सासरले फोन करीसन इचारी लेस, आबा." घरवालीही म्हणाली, "व्याहीस्ले इचारी ल्या, त्यास्ना नातू शे." मी तिसरी शिकलेला, पण माझ्या दारात शब्द माझा. चांगल्या कामाला व्याह्याची परवानगी कशाला? माझी धाकटी बहीण गोवरानं गेली. आईनं कडुनिंबाचा पाला अंथरला, देवी आली म्हणून दिवा लावला, दवाखान्यात नेलंच नाही. हे मी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा तरी सांगायचं! नाही सांगितलं. ती झोक्यावर होती तेवढ्यात पोराला उचललं आणि निघालो.

नर्सबाईनं विचारलं, "आई कुठंय?"

"आईचा बाप आहे ना समोर," मी म्हटलं.

सुई दिली. नर्सबाई म्हणाली, आठवडाभरानं ताप येऊ शकतो, अंगावर पुरळही दिसेल थोडं, घाबरू नका म्हणून आईला सांगा. मी मान डोलावली.

घरी आलो तर लेकीनं पोराच्या दंडावर सुईची खूण पाहिली, त्याला माझ्या हातातून घेतलं आणि आत गेली. सासरी जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. ती बोलत नाही तर मी कशाला बोलू, म्हणून मीही बोललो नाही. नर्सबाईचा निरोप माझ्यापाशीच राहिला.

दोंडाईच्याला पोर तापानं फणफणलं, अंगावर लाल पुरळ. घरच्यांना वाटलं, गोवरच निघाला. दवाखान्यात धावपळ झाली, डॉक्टरनं सांगितलं तेव्हा त्यांना लशीचा ताप कळला. पोर बरं झालं. पण ती रात्र माझ्या लेकीनं सासूची बोलणी खात काढली.

म्हणून मुलगा एकटा परत आला. विहीणबाईंनी दारातच ऐकवलं होतं, "नातू आम्हना शे. एक फोन करता उना नही त्यास्ले? आम्ही काय सुईले भीतस? दुसरी सुई आम्हीच दी उनूत, सांग तुन्हा बापले."

लशीवर त्यांचा राग नव्हताच. विचारलं असतं तर हो म्हणाले असते, आणि लेक माझ्या अंगणात असती.

परवा घरवालीनं व्याह्यांना फोन लावून माझ्या हातात दिला. मी कापसाचं बोललो, उन्हाचं बोललो. चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडातून निघालं नाही. शेवटी राम राम केला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. मी सुरुवात केली, "तुन्हा सासरास्ले मी..."

"त्यास्नं जाऊ द्या, आबा. माले तरी कोठे इचारं व्हतं?"

पलीकडे पोराचा दंगा ऐकू येत होता.

मग मी विचारलं, "आखाजीले येस का, बाई?"

"सासूले इचारीसन सांगस."

आखाजी तोंडावर आली आहे. अजून तिचा फोन आलेला नाही.