फोटोत असेल त्यालाच दार

लोक विचारतात, "बाई, एवढे किस्से तुम्हाला सापडतात तरी कुठे?" शोधायला जावं लागतं असं कोणी सांगितलं! ज्या शाळेत शिकवणारे मोजके आणि सल्ला देणारे ढीगभर, तिथे किस्से भंगारासारखे आपोआप साचतात. आमच्या एका कपाटात बंद पडलेले टॅब आहेत, त्यांच्यावर चार्जरच्या वायरींचा गुंता आहे. त्या कपाटाचं दार उघडलं की आधी किस्सा अंगावर पडतो, मग टॅब!

माझी ओळख सांगते. शिक्षण सातवी. माझी लेक मतिमंद होती. आता लोक गोड गोड शब्द वापरतात, तेव्हा तोंडावर 'येडी' म्हणायचे. तिच्यासाठी मी जे मिळेल ते वाचलं, ज्याला धरता येईल त्याला धरून विचारलं, पुढे कॉम्प्युटरही स्वतःच शिकले. लेक गेली, शिकलेलं राहिलं. सक्करदऱ्याची ही विशेष मुलांची शाळा माझ्या ओसरीत सुरू झाली. आता ती एका ट्रस्टची आहे. म्हणजे राबायचं आम्ही, आणि सत्कार घ्यायचे सेक्रेटरी साहेबांनी.

*

पहिला मान स्मार्ट बोर्डाचा. कोणा दानशूर माणसानं दिला. बोटानं सरकवायचं, चित्रं हलवायची. ब्रश, पेस्ट, तोंड धुणं, असा क्रम मुलांनी बोटानं लावायचा. मी खूश!

उद्घाटन झालं आणि दुसऱ्याच दिवशी बोर्डावर फुलाफुलांची चादर. वरून दोरी.

मी साहेबांना विचारलं, "हे काय?"

"बाई, पोट्टे हात लावतात ना!"

"हात लावायसाठीच आहे ना तो!"

"असं कसं! खराब होईल. महागाची वस्तू आहे."

तेव्हापासून आम्ही चादरीसमोर बसून पुठ्ठ्याच्या चित्रांवर शिकवतो. दोरी सुटते ती वर्षातून एकदाच, साहेबांच्या वाढदिवसाला. त्यांचे लहानपणापासूनचे फोटो दाखवायला!

*

आता पायल. तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

पायल बोलत नाही. टॅबवरच्या चित्राला बोट लावते, टॅब तिच्या वतीनं बोलतो. मुलगी शांत, पण बघणारी. तिचं अठरावं पूर्ण होत आलं होतं, आणि अठरानंतर आमच्या शाळेत जागा नाही. आई आदल्या वर्षी वारली. घरात भाऊ नितेश आणि त्याची बायको. तो इतवारीत कापडाच्या दुकानात, ती एका दवाखान्याच्या काउंटरवर. हुडकेश्वरच्या त्या घराला दिवसभर कुलूप.

नितेश आला. "जय भीम काकू."

"जय भीम. बस."

"काकू, स्पष्टच सांगतो. दिवसभर एकटी घरी राहू शकली तं ठेवतो. नाही तं तिले त्या लांबच्या होस्टेलात टाकावं लागते."

"टाकाले ते काय जुनी गादी आहे का गा?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

ते होस्टेल मी पाहून आले आहे. तिथली मुलं दुपारीसुद्धा झोपलेली असतात. सगळी. एकाच वेळी. माझ्या लेकीला मी तिथे ठेवलं नसतं, इतकंच सांगते.

"काय काय आलं पाहिजे तिले, ते सांग," मी म्हटलं.

"स्वतः गरम करून जेवली तरी पुरे."

"आण तुझा हात!" त्यानं हात दिला. मुकाट्यानं दिला बिचाऱ्यानं.

*

आमची पद्धत अशी: एखादं काम आपण करायचं, त्याचा व्हिडिओ काढायचा. मूल एक तुकडा बघतं, तेवढं करतं, मग पुढचा तुकडा. वरण गरम करायचा व्हिडिओ आमच्या मयुरी मॅडमचा. पोरगी हुशार, बी.एड. झालेली, जीव लावून काम करणारी. पण शूटिंगच्या मध्येच तिचा मोबाइल वाजला. "अगं बाई, आईचा फोन!" म्हणत ती खिडकीपाशी गेली, दोन शब्द बोलली, परत येऊन वरण ढवळलं. हे सगळं व्हिडिओत तसंच राहिलं.

आठवड्याभरात अख्खा वर्ग तयार! शेगडी लावायची, वरण ठेवायचं, कानाला हात लावायचा, "अगं बाई!" म्हणायचं आणि खिडकीपाशी जायचं. पायलला बोलता येत नाही, तर ती कानाला हात लावून खिडकीशी जायची, गोड हसायची आणि परत येऊन वरण ढवळायची.

मयुरी हसून हसून खाली बसली.

मी म्हटलं, "हसते काहून वं? तू जे शिकवलं, ते पोट्टी शिकली. आता तू शीक, मोबाइल बाहेर ठेवायले!"

नवा व्हिडिओ काढला. पायल शिकली. नितेशच्या घरी जाऊन त्याच्यासमोर तिनं वरण गरम केलं, वाढून घेतलं, ताट घासून पालथं घातलं.

नितेश म्हणाला, "वा! पण काकू, गॅस चालू राहिला तं?"

मी माझी इंडक्शन शेगडी त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवली. आपोआप बंद होणारी.

तो म्हणाला, "हं. मस्त आहे. पण तिले काही लागलं तं सांगन कशी?"

*

म्हणून पायलचा टॅब शाळेतून तिच्या घरी नेला. त्यातला आवाज कोणा शहाण्या बाईचा, जिभेला साखर लावलेला. "मला थोडं पाणी मिळेल का?"

दोन दिवसांनी नितेशच्या बायकोचा फोन. "काकू, हे कोण पाहुणी बसवली माझ्या घरात? मी साडी बदलून बाहेर आली ना बाप्पा!"

बरोबर आहे तिचं. सगळे शब्द मी माझ्या आवाजात भरून दिले. 'पाणी दे वं!' 'भूक लागली!' 'पंखा लाव!'

पुन्हा फोन. "काकू, तुमच्या आवाजात मागते ते. नाही म्हणताच येत नाही!"

"म्हणूनच दिला," मी म्हटलं.

*

रस्ता ओलांडण्याचा किस्सा तर सांगायलाच हवा. एका कंपनीनं डोळ्यांवर चढवायचे गॉगल दिले. आत खराखुरा रस्ता दिसतो. गुळगुळीत, पांढऱ्या पट्ट्यांचा. मुलानं पट्ट्यांपाशी उभं राहून हात वर केला की गाड्या थांबतात. आतला गोरा ड्रायव्हर मान झुकवून हसतोसुद्धा!

सगळी मुलं पास. कंपनीचा टाय लावलेला पोरगा टाळ्या वाजवून दमला. मी म्हटलं, "चल, आता चौकात."

सक्करदरा चौकात मुलं रांगेत उभी राहिली आणि सगळ्यांनी हात वर केले. उभीच राहिली. ऑटो गेले, टेम्पो गेले, बस गेली. हात वरच. पट्टे कुठे आहेत म्हणून पायल वाकून डांबराकडे बघत होती. एका ऑटोवाल्यानं ऑटो थांबवला, तोही विचारायला, "काय बाई, कोणाचा मोर्चा आहे?"

मी टायवाल्याकडे पाहिलं.

तो म्हणाला, "मॅम, आमचं सॉफ्टवेअर परफेक्ट आहे. तुमचा रोड चुकीचा आहे."

*

छोटा किस्सा. तपासणीला एक मोठे साहेब आले. मुलं टॅबवर बघून हात धुतात, ते त्यांना दाखवायचं होतं. मुलं नळापाशी गेली, टॅब लावला, नळ फिरवला. टाकी कोरडी.

साहेब म्हणाले, "पाणी नाही?"

आमचे सेक्रेटरी चटकन पुढे झाले. "आहे ना सर, व्हिडिओत आहे!"

मोठ्या साहेबांनी मान डोलावली, आणि पोट्ट्यांनी कोरडे हात टॉवेलला पुसले.

*

इकडे नितेशची नवी अट. "काकू, सगळं बरोबर. पण दिवसा कोणी बेल वाजवली तं? ते कोणालेही दार उघडन."

ही भीती खरी होती.

मग दाराला कॅमेऱ्याची बेल बसवली. बाहेर बेल दाबली की त्या माणसाचा चेहरा आत टॅबवर दिसतो. खाली तीन फोटो: नितेश, त्याची बायको आणि मी. चेहरा फोटोत असेल तर दार. नसेल तर गप्प बसायचं. आणि फोटोतल्या माणसासोबत एकजण जरी परका असला, तरी दार बंद. हा शेवटचा नियम माझा. माणूस ओळखीच्या माणसाचं बोट धरूनच घरात शिरतो, हे मला कोणत्या कॉलेजानं शिकवलेलं नाही.

सराव शाळेतच. ऑफिसच्या दाराला तीच बेल लावली. पायल आत, बाकी सगळी शाळा बाहेर चोर! मयुरी मावशी होऊन आली, चॉकलेट दाखवलं. दार बंद. शिपाई कुरिअरवाला झाला. बंद. सेक्रेटरी साहेबांनाही हौस आली. सिलिंडरवाले म्हणून उभे राहिले. बंद!

थोड्या वेळानं साहेब म्हणाले, "बाई, झालं आता. उघडायला सांगा. माझा डबा आत आहे."

"तुमचा फोटो नाही ना."

"अरे, मी सेक्रेटरी आहे या संस्थेचा!"

आत पायल डब्याशेजारी शांत बसलेली. साहेब त्या दिवशी बाहेर जाऊन समोसे खाऊन आले.

मग हेच सगळं हुडकेश्वरला. नितेशनं शेजारी पाठवले, दुकानातला मित्र पाठवला, मित्राला सोबत घेऊन स्वतःही उभा राहिला. तिनं दार उघडलं नाही. मग तो एकटा उभा राहिला. लगेच उघडलं.

"मानलं काकू तुम्हाले," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, उगाच खोटं कशाला सांगू.

"मले नको मानू, तिले मान. आता ठेवशील ना?"

तो चपलेत पाय घालत राहिला. एकाच चपलेत, किती तरी वेळ.

"पाहू," म्हणाला.

त्याची बायको आत कपड्यांच्या घड्या करत होती. तिनंही मान वर केली नाही.

*

पायलला अठरा पूर्ण झाली, शाळा सुटली, ती घरीच होती. मे महिना. भर दुपारी नितेशचा फोन.

"काकू, जरा येता का घरी? पायल दार उघडून नाही राहिली."

"कोणासोबत आहेस तू?"

"तुम्ही या तं."

मयुरीच्या गाडीवर मागे बसून निघाले. मेच्या उन्हात आमच्याकडे दुपट्ट्यानं डोकं, तोंड, कान, सगळं गुंडाळल्याशिवाय कोणी उंबऱ्याबाहेर पडत नाही. डोळे तेवढे उघडे. आम्ही दोघी तशाच.

फाटकापाशी होस्टेलची पांढरी गाडी. एक बाई, एक माणूस. नितेश पायरीवर बसलेला, शर्ट घामानं चिकटलेला. मला सांगायचं नाही, दुपारी येऊन तिला गाडीत बसवायचं आणि संध्याकाळी मला फोन करायचा, असं त्यानं ठरवलं असणार. विचारलं नाही मी. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, तेवढं पुरे होतं.

"चावी?"

"आतून कडी लावली."

"ह्यांना दूर पाठव आणि एकटा उभा राह्य."

"राहिलो ना काकू. गाडी पार कोपऱ्यापर्यंत नेली. एकटा उभा राहिलो. तरी नाही उघडून राहिली." त्यानं बेलकडे बोट केलं. "माह्या तोंडाकडे पाहून नाही उघडून राहिली ते."

खिडकीच्या पडद्याआड टॅबचा उजेड दिसत होता.

होस्टेलची बाई घड्याळ बघत म्हणाली, "आजी, तुमचा फोटो आहे म्हणतात आत. तुम्हाला पाहून उघडेल. तिच्या चांगल्यासाठीच आहे हो हे. तिकडे नवीन कॉम्प्युटर रूम झाली आहे."

मयुरीनं माझा हात धरला. "बाई, नका ना जाऊ."

मी हात सोडवला. पायऱ्या चढले. नितेश उठून बाजूला झाला, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून भिंतीला चिकटला.

मी बेलसमोर उभी राहिले.

"काकू," तो हळूच म्हणाला, "दुपट्टा सोडा ना. तोंड दिसलं पाहिजे."

"ऊन किती आहे गा," मी म्हटलं. मानेमागची गाठ आणखी घट्ट ओढली आणि बेल दाबली.