वळणावरचे दगड

दादा मंगळवारी सकाळी बंदराच्या बांधावर गेला. वळणावर पायाखालचा दगड सरकला आणि तो पाण्यात पडला. दुपारी त्याच्या कंपनीतून वहिनीला ठाण्याला फोन आला. वहिनीने मला बर्लिनला फोन केला.

ती काय काय बोलली ते सगळं आठवत नाही. ‘वळणावर’ एवढं मात्र लक्षात राहिलं. कंपनीच्या माणसाने सांगितलं तसं तिने मला सांगितलं. तिच्या लेखी त्या शब्दाला काही वेगळं महत्त्व नव्हतं. मी संस्थेच्या पायऱ्यांवर उभी होते. मला रडू आलं नाही. आधी भीती वाटली. भाऊ गेल्याचं कळल्यावर दुःखाच्याही आधी भीती वाटली, हे मी पुढे बराच काळ कुणाला सांगितलं नाही.

दोन हजारच्या दशकाचा मधला काळ होता. मी बर्लिनच्या एका तांत्रिक संस्थेत समुद्रकाठच्या बांधकामांवर पीएच.डी. करत होते. संस्थेकडे एका आखाती देशाचं काम आलं होतं. तेल कधीतरी संपणार, त्याआधी पोटापाण्याची दुसरी सोय करून ठेवायची, म्हणून तिथलं सरकार उघड्या किनाऱ्यावर मोठं बंदर बांधत होतं. बंदराच्या मागे कित्येक मैल औद्योगिक क्षेत्र आखलेलं होतं. तिथे ॲल्युमिनियम, खतं, जहाजदुरुस्ती असे कारखाने येणार होते. आमच्याकडे आलेल्या माहितीपुस्तिकेत गुळगुळीत कागदावर निळं पाणी आणि रंगीत कंटेनर होते. मजकूर मोठा आत्मविश्वासाचा होता, पण मला त्यात भीतीच वाचता यायची. उद्या विहिरी आटल्या तर पोरं काय करतील, ही भीती. माझ्या शिष्यवृत्तीची मुदत सहा सहा महिन्यांनी वाढत होती, त्यामुळे ती भीती मला परकी नव्हती.

बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला समुद्रात दगडांचा लांब बांध घालतात. तो टिकेल का, हे आधी लहान प्रतिकृतीवर पाहतात. आमच्याकडे पत्र्याच्या छपराची एक मोठी शेड होती. तिच्यात टेनिस कोर्टाएवढा उथळ हौद आणि एका टोकाला लाटा उठवणारी फळी. तिथला बांध मी इथे उभा केला होता. खऱ्या बांधावर कित्येक टनांचे दगड, माझ्याकडे सुपारीएवढ्यापासून आवळ्याएवढ्यापर्यंत. त्यांना पट्ट्यापट्ट्यांनी लाल, पिवळा, निळा रंग दिलेला असतो. लाटा सोडण्याआधी वरून फोटो घ्यायचा, नंतर पुन्हा घ्यायचा. लाल दगड पिवळ्या पट्ट्यात दिसला की तो हलला.

दादा स्थापत्य अभियंता होता. मुंबईत दहा वर्षं पुलांची कामं करून कंटाळला होता. त्या बंदरावर माणसं हवी आहेत हे मला कामाच्या पत्रव्यवहारातून कळलं. मीच त्याला सांगितलं. चार महिन्यांत तो तिथे रुजू झाला. शुक्रवारी त्याला सुट्टी असे. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोनचं कार्ड आणून दुपारी त्याला फोन करायची.

“काय मास्तरीणबाई, टबात आज वादळ आलं का?” हे त्याचं नेहमीचं. माझ्या हौदाला तो टबच म्हणायचा.

“तुझं वाळवंट काय म्हणतंय?”

“वाळवंट कसलं! अख्खी एमआयडीसी उठतेय इथे. फक्त चहाची टपरी नाही, म्हणून विकास अडलाय.”

मी त्याला जपून राहायला सांगायची आणि तो हसायचा. त्या किनाऱ्यावर वारा नसतानाही मोठ्या लाटा येतात. हजारो मैलांवरच्या वादळातून निघालेल्या असतात त्या. आकाश स्वच्छ, समुद्र शांत दिसतो, आणि अचानक पाणी बांधावर चढतं. हे मी कागदावर रोज पाहत होते, त्यामुळे त्याचा फोन लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे.

बांधाला एक वळण होतं. लाटांचा मार तिथे सगळ्यात जास्त. त्या ठिकाणी जरा हलके दगड चालतील का, असा बंदराच्या सल्लागारांचा प्रश्न होता, कारण जवळच्या खाणीतून तेवढेच मोठे निघत होते. चाचणी माझ्याकडे आली. पद्धत अशी की दगड बादलीने ओतायचे, कारण प्रत्यक्षात क्रेन ते जसे पडतील तसे टाकते. मी ओतले. पण मध्ये पोकळ्या राहिल्या, काही दगड तिरके बसले, आणि मला ते बघवेना. माझे मार्गदर्शक प्राध्यापक येऊन बघतील आणि काम गचाळ आहे म्हणतील, मुदत वाढणार नाही, परत जावं लागेल, असं डोक्यात फिरायला लागलं. मी गुडघ्यांवर बसले आणि वळणावरचे दगड काढून एकेक नीट फिरवून बसवायला लागले. दोन दिवस लागले.

कार्यशाळेचे प्रमुख साठीच्या घरातले होते, त्यांना सगळे मायस्टर म्हणत. ते हौदाच्या कडेला येऊन उभे राहिले.

“हे काय चाललंय?”

“दगड बसवतेय.”

“ते दिसतंय. घड्याळं दुरुस्त करायला जायला हवं होतंस तू. तिकडच्या क्रेनवाल्याला एवढा वेळ आहे का?”

“पडू नयेत म्हणून जरा...”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ते म्हणाले. “पडतात की नाही तेच बघायचंय ना आपल्याला?”

मी हसले, तेही हसले आणि जेवायला गेले. मी एकही दगड उचकटला नाही. चाचणीत वळणावरचा एकही दगड हलला नाही. दोन्ही फोटो इतके सारखे होते की प्राध्यापकांनी ते बैठकीत कौतुकाने दाखवले. अहवाल लिहिताना पद्धतीचा परिच्छेद मी मागच्या एका अहवालातून जसाच्या तसा उचलला. सगळे तसंच करत. त्यात लिहिलेलं होतं की दगड बादलीने ओतले. हलके दगड मंजूर झाले.

दादा जाण्याच्या तीन आठवडे आधी एका शुक्रवारी तो म्हणाला, “तुझ्या त्या वळणावरचे दगड जरा डगमगतात गं. पाय ठेवला की हलतात.”

मी म्हटलं, “नवीन आहेत. पहिल्या लाटांत बसतील. माझ्याकडे एकही हलला नाही.”

“बरं बाई. तू म्हणतेस म्हणजे झालं.”

म्हणून पायऱ्यांवर भीती वाटली.

त्यानंतरचे पाच आठवडे मी त्या शेडमध्ये गेले नाही. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यांनी टेबलावर एक पांढरं कार्ड आणि फुलं ठेवली. ती पाहूनसुद्धा कुणाला काही कळलंय की काय असं वाटलं. पोस्टाच्या पेटीत लांबट पाकीट दिसलं की पाठवणाऱ्याचं नाव वाचूनच ते बाहेर काढायची. वहिनीचा फोन आला की आधी तिचा आवाज कसा आहे ते ऐकायची. ती कागदपत्रांचं, पुतणीच्या शाळेचं बोलायची, आणि माझा श्वास सुटायचा. त्या सुटण्याची मला आज लाज वाटते. फोटो मी कितीदा काढून पाहिले असतील. दगड घट्ट, एकाला एक लागून. तसं रचलेलं काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही.

शेवटी प्राध्यापकांकडे जायला लागलं, कारण तसल्याच हलक्या दगडांनी बांध पुढे चालला होता आणि त्यावर माणसं चालत होती. मी दारातच सांगून टाकलं.

“हाताने किती रचले?” त्यांनी विचारलं.

“वळणावरचे सगळे.”

त्यांनी अहवाल काढला, तो परिच्छेद शोधला आणि पेन्सिलने शेजारी एक उभी रेघ मारली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“आल्झो, तर मग,” ते म्हणाले. “पुन्हा करू.”

या वेळी दगड मायस्टरांनी ओतले. बादली उचलली आणि उलटी केली, बस. मी कडेला उभी होते. पहिल्या लहान लाटांत काही झालं नाही, आणि मला वाटलं, सुटले. मग मोठ्या लाटा सुरू केल्या. वळणावर एक लाल दगड उचलल्यासारखा झाला, परत बसला, पुन्हा उचलला गेला आणि पिवळ्या पट्ट्यात जाऊन पडला. त्याच्या जागेवरून पाणी आत शिरायला लागलं. मग शेजारचे सुटले. थोड्या वेळाने लाल आणि पिवळं वेगळं करता येईना. मायस्टरांनी कुणाला न विचारता यंत्र बंद केलं. हौदातलं पाणी हळूहळू स्थिर होत गेलं.

“घरी जा,” ते मला म्हणाले. “फोटो मी काढतो.”

प्राध्यापकांनी सल्लागारांना पत्र लिहिलं. वळणावर मोठे दगड टाकायचं ठरलं. उत्तरात असंही होतं की अपघाताला अनेक कारणं असू शकतात, आणि वरचा भाग पूर्ण होईपर्यंत त्या वळणावरून चालायची परवानगी द्यायलाच नको होती. ते वाक्य प्राध्यापकांनी मला दोनदा दाखवलं. ते खरंही असेल. मला त्याचा उपयोग झाला नाही.

डिसेंबरात मी ठाण्याला गेले. वहिनी स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. पुतणी शाळेत होती. मी समोर बसले आणि चार शेंगा सोलल्या.

“वहिनी, मला तुला काहीतरी सांगायचंय. दादाचं.”

“आत्ताच सांगायचंय का?”

“आत्ता नाही सांगितलं तर होणार नाही माझ्याच्याने.”

मी सगळं सांगितलं. हौद, दोन दिवस, बादली, अहवाल, शुक्रवारचा फोन. तिचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर तिने शेवटची शेंग सोलली. मग खाली बघूनच म्हणाली,

“मी त्याला म्हटलं होतं, असं दगडांवरून काय चालायचं, मला नाही आवडत. तर म्हणाला, ‘अगं, तिने तपासलंय ते. ती साधं पुस्तकसुद्धा कपाटात वाकडं ठेवत नाही.’ मग मी काही बोलले नाही.”

“वहिनी...”

“नको. तू आता काही बोलू नकोस.”

तिने मटार धुतले, भातात टाकले. पुतणी आल्यावर तिघींची पानं वाढली. माझ्या पानात तूपही वाढलं. चार दिवस मी तिथे होते, आणि घरात लागेल तेवढंच ती माझ्याशी बोलली. निघताना दारापर्यंत आली नाही.

आज ते बंदर चालू आहे. मागे कारखाने आहेत, जहाजं येतात. वळणावर मोठे दगड आहेत. मी पीएच.डी. पूर्ण केली नाही. बर्लिनमध्येच एका ग्रंथालयात काम करते. पुतणीच्या वाढदिवसाला मी ठाण्याला फोन करते. पुतणी तो उचलते, दोन मिनिटं बोलते आणि आई घरात नाही म्हणून सांगते.