काय दिसायला हवं?

आमच्या कॉलेजात मुलं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधीच विचारतात, "काय दिसायला हवं?" आणि तेच जर्नलमध्ये काढतात. पहिल्या वर्षाच्या मेघनानंही आज सवयीनं तेच विचारलं. पण जीवशास्त्राच्या बाईंनी तिला आपल्या संशोधनात घेतलं होतं, आणि काचेवर कॉलेजमागच्या तळ्यातलं शेवाळ होतं.

"मलाच ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "तू बघ आणि मला सांग."

मेघना गांगरली. मग ओढणी मागे टाकून वाकली. मी, त्याच विभागातला शिक्षक, दारातून पाहत होतो. दुसऱ्यांची उत्तरं गिरवण्यात आमची उमेदीची वर्षं गेली. हिला अठराव्या वर्षीच कुणालाही न सुटलेला प्रश्न मिळाला.

ती आधी चाचरत बोलली, मग ठामपणे. आणि वर्गात वर्षानुवर्षं नोट्स सांगणाऱ्या बाई, पेन उघडून, तिचं बोलणं उतरवून घेत होत्या.