खरवडलेला पाडा

नातीनं चित्रासाठी काळ्या शाईची बाटली उघडली आणि त्या वासानं मला माझीच किळस आली.

पन्नास सालाच्या आसपास ठाण्यातल्या एका कचेरीत मी येऊरच्या डोंगराचा नकाशा काढत होतो.

"राखीव जंगलात वस्ती कशाला दाखवता? काढा ती," साहेब म्हणाले. मी ब्लेडनं वारल्यांचा पाडा खरवडला आणि नखानं घासून नकाशाचं कापड गुळगुळीत केलं.

दुपारी जान्या आला. मोजणीची साखळी धरून त्यानंच आम्हाला ते अख्खं जंगल दाखवलं होतं, आणि तो त्याच पाड्यावरचा.

"भाऊ, यात माजा घर कुठं हाय?"

मी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हे बघ, इथं."

त्यानं हात कमरेच्या फडक्याला पुसले, नकाशावरच्या त्या जागी हळूच टेकवले आणि कपाळाला लावले.

माझ्या नखांत तेव्हा त्याच्या घराचा काळा चुरा होता.