मित्राने काढलेला फोटो

हिंगोलीतल्या आमच्या घरात, बैठकीच्या खोलीत, माझ्या बायकोचा एक फोटो आहे. तो मी काढलेला नाही. हे सरळ कबूल करायला मला बरेच महिने लागले.

घरात फोटो काढणारा मी आहे. नोकरी जमीन मोजणीची, पण नाद कॅमेऱ्याचा. दोन कॅमेरे आहेत, हार्ड डिस्क भरून वाहतात, नात्यातल्या प्रत्येक लग्नात मी फोटोग्राफरच्या पुढे जाऊन उभा राहतो आणि त्याच्या शिव्या खातो. एवढं असून भिंतीवर लागला तो मित्राने काढलेला फोटो. हा मित्र औंढ्याला मेडिकल दुकान चालवतो. आम्ही बरोबरच या नादाला लागलो, आणि सुरुवातीचं सगळं त्याला मी शिकवलं. तो हे सगळ्यांना आपणहून सांगतो, त्यामुळे तर आणखी चिडायला होतं.

त्याने मध्यंतरी एक जुना मिडियम फॉरमॅट कॅमेरा घेतला, फिल्मचा. निगेटिव्ह चौरस, नेहमीच्यापेक्षा कितीतरी मोठी, पण एका रोलमध्ये फोटो बाराच. रोल धुवायला पुण्याला पाठवायचा आणि वाट बघत बसायचं. मी त्याची यथेच्छ टिंगल केली. म्हटलं, बारा फोटोंत तर आमचं धाकटं एकदाही डोळे उघडे ठेवत नाही. तो हसला. त्याला राग येत नाही, हा त्याचा आणखी एक दोष.

दिवाळीनंतर आमची दोन्ही घरं मिळून नागनाथाला गेलो. दर्शन झालं, सगळे सावलीला टेकले. मी नेहमीप्रमाणे धडाधड पन्नास-साठ फोटो काढले. त्याने देवळाच्या बाहेरच्या भिंतीशी, कोरलेल्या हत्तींच्या ओळीजवळ, माझ्या बायकोचा एक काढला. एकच. दीडेक महिन्याने तो फ्रेम करून घरी घेऊन आला.

त्या फोटोत ती हसत नाही. नुसती समोर पाहते आहे. खांदे सैल सोडलेले, कपाळावर आठी नाही, हातातलं काम संपलंय आणि आता कुणी काही मागणार नाही, असा चेहरा. वीस वर्षांच्या संसारात हा चेहरा मी पाहिला नव्हता. माझ्या डिस्कमधले तिचे सगळे फोटो मी एकेक करून उघडले. सगळीकडे ती फोटोसाठी उभी होती, पदर नीट, हनुवटी वर, आणि डोळ्यांत 'झालं का?' हा प्रश्न. मी चक्क जळलो. मित्रावर जळलो आणि त्याच्या त्या पत्र्याच्या डब्यावरही जळलो.

बायकोने कॅलेंडर काढून तिथे तो फोटो लावला. मग येणारा-जाणारा तेच विचारायचा, "साहेबांनी काढला व्हय?" आणि ती आतून सांगायची, "न्हाई, भाऊजींनी काढला." पाहुणा माझ्याकडे असा बघायचा की मी जावयाच्या मानपानात काही कमी ठेवलंय. एकदा माझे साडू आले. ती स्वयंपाकघरात होती. साडूंनी विचारलं आणि मी म्हणून गेलो, "हो, मीच काढला." तेवढ्यात ती चहा घेऊन आली. कप ठेवला, साडूंच्या घरची विचारपूस केली आणि आत गेली.

साडू गेल्यावर मात्र ती समोर येऊन बसली.

"काहून खोटं बोलले तुमी?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. मग म्हणालो, "त्याच्या फोटोत तू वेगळी दिसतेस. काय केलं त्याने एवढं?"

"काय करणार? काहीच न्हाई केलं." तिने थोडा विचार केला. "त्यांनी मान खाली घातली व्हती. ते डब्यात बघून राहिले व्हते, मी त्यांच्या डोक्याकडं बघून राहिले व्हते. फोटो कवा निघाला, समजलंच न्हाई."

ती सहज बोलली, पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बरोबर आहे. तो कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतोच. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि खाली वाकून आतल्या काचेत बघायचं. समोरच्याला फोटोग्राफरचे डोळे दिसत नाहीत, टक्कल दिसतं. म्हणजे यात मित्राची कसली करामत नव्हती. नवरा म्हणून मी कमी पडलो नव्हतो, यंत्र कमी पडलं होतं. आणि यंत्र तर विकत मिळतं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

मित्राला सांगितलं तर तो माझ्यापेक्षा खूश. म्हणाला, "घे ना. पण नुसता डबा घेऊन भागत न्हाई, बरं का. लेन्सा, रोल भरायचं मॅगझिन, सगळं त्याच कंपनीचं लागतं. एकदा सोयरिक झाली की झाली. माझ्या लेन्सा बी तुला चालतील मग." वर म्हणाला, "आधी माझाच घेऊन जा चार दिवस." त्याच्या कॅमेऱ्यातून माझ्या बायकोकडे बघायचं? मी नको म्हटलं, जरा जास्तच तुटकपणे. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

मग मी शोधाला लागलो. आणि खरं सांगायचं तर मनातून डळमळतही होतो. फिल्म मिळते का, धुणारा उद्या दुकान बंद करून बसला तर काय, शटर बिघडलं तर इकडे कोण उघडणार? आठवडाभर घ्यायचं ठरवायचो, आठवडाभर रद्द करायचो. घरी आलो की भिंतीकडे नजर जायची आणि पुन्हा ठरायचं.

शेवटी नांदेडचे एक स्टुडिओवाले चाचा मिळाले. स्टुडिओ त्यांनी बंद केला होता, पण कॅमेरा, तीन लेन्स आणि दोन मॅगझिन जपून ठेवली होती. ते म्हणाले, मी वारंगा फाट्यापर्यंत येतो, तुम्ही तिथे या. बायको म्हणाली, "मी बी येते. घरात बसून काय करू?"

फाट्यावर एका हॉटेलात, बाहेरच्या टेबलावर, चाचांनी बॅग उघडली. मी मोजणीवाला माणूस, खुंटाखुंटाने तपासलं. मोबाइलच्या उजेडात लेन्समध्ये बुरशी पाहिली, सगळ्या वेगांना शटर दाबून पाहिलं, मॅगझिनच्या कडा चाचपल्या. चाचा शांतपणे म्हणाले, "साहेब, कान-नाक तपासून झालं. आता जरा आत बघा की. मॅडम बसल्याच आहेत समोर."

मी कॅमेरा पोटाशी धरला, झाकण उघडलं आणि मान खाली घातली.

आधी काही धड दिसेना. काचेत सगळं उलटं, डावीकडचं उजवीकडे. मी इकडे वळलो की ती तिकडे पळायची. माझी ती कसरत पाहून चाचाही हसले. मग ती सापडली. मी फोकस फिरवला आणि चहाचा ग्लास हातात घेतलेली ती हळूहळू स्पष्ट झाली.

तोच चेहरा. खांदे सैल, आठी नाही. मला फार आनंद झाला. कॅमेराच होता तर. तिला सांगावं म्हणून मी मान वर केली.

चेहरा गेला होता. तिने पदर सारखा केला, हनुवटी उचलली. "काय झालं? पसंत न्हाई?"

"काही नाही," म्हणालो आणि पुन्हा मान खाली घातली. थोडं थांबलो. काचेत तो चेहरा परत आला. पुन्हा वर पाहिलं, पुन्हा गेला. तिसऱ्यांदाही तेच. तीनदा मोजलेलं माप चुकत नाही.

तो चेहरा त्या कॅमेऱ्याचा नव्हता. मित्राचाही नव्हता, आणि त्याच्यावर इतके महिने मी उगीच जळत होतो. तो तिचा रोजचा चेहरा होता. मी बघत नसलो की असायचा. दूधवाल्याने तो पाहिला असेल, शेजारणीने, एसटीत बाजूला बसलेल्या बाईने. आत्ता हॉटेलवाला पाहत होता, समोरचा टायरवाला पाहत होता. त्या सगळ्यांचा मला एकदम हेवा वाटला, मित्राचा वाटला त्याहून जास्त. वीस वर्षं माझी नजर पडताच तो मिटत आला होता आणि मी मात्र तिच्यावर नजर रोखून म्हणत होतो, जरा हस, जरा नीट उभी राहा.

"क्या सोचा साहेब?" चाचांनी विचारलं.

काचेत ती चहाचा घोट घेत रस्त्याकडे बघत होती.

"घेतो," मी मान वर न करताच म्हणालो.